निळ्या बर्फाचा हिवाळा : पॉल बन्यनच्या थापा आणि त्यांचे आयुष्य

अमेरिकेतील लाकूडतोड्यांच्या कथांत पॉल बन्यन हा राक्षसी देहाचा मुकादम आणि त्याचा 'बेब' नावाचा निळा बैल ही जोडी सर्वांत प्रसिद्ध आहे. बेबच्या दोन डोळ्यांमधील अंतर कुऱ्हाडीच्या बेचाळीस दांड्यांइतके होते आणि वर तंबाखूची एक वडी मावेल एवढी जागा उरत असे, असे सांगितले जाते. या दोघांची पावले जिथे उमटली तिथे पाणी साचून मिनेसोटा राज्यातील हजारो तळी तयार झाली आणि पॉलने कुऱ्हाड मागे फरफटत नेली म्हणून ग्रँड कॅनियन ही दरी पडली, असेही आज शाळकरी मुलांच्या पुस्तकांत वाचायला मिळते. लोककथांचे नायक बहुधा काळाच्या धुक्यातून येतात आणि त्यांचे मूळ शोधणाऱ्याच्या हाती तर्कांखेरीज फारसे काही लागत नाही. पॉल बन्यनची गोष्ट याला अपवाद आहे, कारण तो तोंडी गप्पांतून छापील कागदावर कसा आला याचा माग वर्षावार, काही ठिकाणी तारीखवार, काढता येतो; आणि हा माग एका लाकूड कंपनीच्या जाहिरातीपाशी पोहोचतो, हीच अभ्यासकांना दीर्घकाळ सलणारी बाब ठरली आहे.

या कथा कोणत्या जातीच्या आहेत हे आधी स्पष्ट करायला हवे. दंतकथा ही सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने, निदान अंशतः तरी, खरी मानलेली असते. एखाद्या टेकडीला वा कुंडाला चिकटलेल्या कथेमागे श्रद्धेचा धागा असतो. बन्यनच्या मूळ कथांना असा आधार कधीच नव्हता. मराठीत ज्याला लोणकढी थाप म्हणतात, म्हणजे चेहऱ्यावरची रेषही न हलवता, बारीकसारीक तपशिलांसह, पाहिल्यासारखी सांगितलेली अचाट खोटी गोष्ट, त्या प्रकारात त्या मोडतात. थाप मारणाऱ्याला ती थाप असल्याचे ठाऊक असते, भोवतालच्या मुरलेल्या मंडळींनाही ते ठाऊक असते आणि सगळ्या खेळाची गंमत त्या एका माणसावर अवलंबून असते ज्याला ते अजून कळलेले नाही.

असा माणूस लाकूडतोडीच्या छावणीत दर हिवाळ्याला नव्याने येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या पंचमहासरोवरांभोवतीच्या राज्यांत पांढऱ्या पाइनची अफाट जंगले तोडली जात होती. हे झाड उंच, सरळसोट आणि हलके. त्याचे लाकूड कापायला मऊ, आणि मुख्य म्हणजे ते पाण्यावर उत्तम तरंगत असल्यामुळे नदी हाच त्याचा वाहतुकीचा रस्ता होता. झाडे तोडण्याचा हंगाम मात्र हिवाळ्याचा, कारण गोठलेल्या जमिनीवरून ओंडके ओढणे चिखलातून ओढण्यापेक्षा कितीतरी सोपे होते. रात्री पाण्याच्या टाकीची गाडी फिरवून स्लेजच्या, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर घसरणाऱ्या गाडीच्या, चाकोऱ्यांवर पाणी शिंपडले जाई आणि सकाळपर्यंत काचेसारखा बर्फाचा रस्ता तयार होई. सगळा माल नदीकाठी रचून ठेवला जाई आणि वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की ओंडके पाण्यात लोटून टोळीच्या टोळी त्यांच्या मागे, कधी त्यांच्यावर उभी राहून, दूरच्या आरागिरण्यांपर्यंत जात असे. या प्रवासाला 'ड्राइव्ह' म्हणत आणि त्यात बुडून किंवा ओंडक्यांखाली चिरडून माणसे मरणे ही नित्याची गोष्ट होती.

फ्रेंच-कॅनडियन, आयरिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन आणि अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांतून आलेले मजूर या छावण्यांत महिनोन्‌महिने कोंडलेले असत. अनेक छावण्यांत जेवताना बोलायला बंदी होती, कारण बोलणारा माणूस सावकाश जेवतो आणि आचाऱ्याला पुढची तयारी करायची असते. त्यामुळे गप्पांसाठी उरे तो रात्रीचे जेवण आणि दिवे मालवणे यांच्या मधला वेळ. झोपण्याच्या फळ्यांच्या कडेने जाणाऱ्या लांब बाकाला 'डीकन सीट' म्हणत. वाळत घातलेल्या ओल्या मोज्यांच्या वासात आणि शेगडीच्या उबेत त्या बाकावर जे बोलणे चाले त्यात बन्यनचा जन्म झाला. तिथे कोणी आरंभ, मध्य, शेवट असलेली कथा सांगायला बसत नसे. नवख्या पोराने थंडीबद्दल कुरकुर केली, की एखादा जुना गडी शेजाऱ्याकडे वळून विचारी की पॉलच्या छावणीतला निळ्या बर्फाचा हिवाळा याहून वाईट होता ना. शेजारी विचार करून म्हणे, की हो, पण त्या वर्षी तू स्वयंपाकघरात होतास, बाहेरची थंडी तुला काय माहीत. मग तिसरा माणूस त्यांच्यातल्या एका तपशिलाला आक्षेप घेई आणि तो आक्षेपच थापेला खरेपणाचा मुलामा देई. नवख्याला यातून बाहेर पडायचे दोनच मार्ग होते : प्रश्न विचारून हसू करून घेणे, किंवा कधीतरी स्वतःच पॉलच्या बैलाचे वजन सांगून मंडळात सामील होणे.

या थापांतील बराच माल नवा नव्हता. थंडीने शब्द हवेतच गोठले आणि वसंतात एकदम वितळून सगळीकडे गलका झाला, ही बन्यनच्या नावावर खपलेली कल्पना ग्रीक लेखक प्लुटार्कच्या लेखनात एक जुना विनोद म्हणून येते, राबलेच्या सोळाव्या शतकातील फ्रेंच कादंबरीत येते आणि बॅरन मुन्चाउसेनच्या जर्मन थापांत गोठलेल्या शिंगाच्या सुरांचे रूप घेते. भटक्या कल्पना अशाच कोणत्याही नावाच्या खुंटीला अडकतात. लाकूडतोड्यांचे स्वतःचे म्हणावे असे जे आहे ते त्यांच्या धंद्याच्या आतून आलेले आहे आणि धंदा समजल्याशिवाय त्यातली खोच कळत नाही, म्हणून त्यातली दोन उदाहरणे जरा सविस्तर पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण गोल नदीचे. पॉलची टोळी हिवाळाभर तोडलेला माल नदीत सोडते आणि गिरण्यांचे गाव लागेल या आशेने त्याच्या मागे जात राहते. काही दिवसांनी काठावर एक छावणी दिसते, आपल्यासारखीच. पुढे आणखी काही दिवसांनी तशीच दुसरी. आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात येते की ही आपलीच छावणी आहे, नदीला मुख नाही, ती गोल फिरते आहे. शहरी वाचकाला ही निव्वळ मजेदार कल्पना वाटते. पण ओंडक्याची किंमत तो गिरणीच्या फाटकात पोहोचल्यावरच हाती येत असे आणि प्रवाहात अडकून वाळूवर बसलेला माल म्हणजे सगळ्या हिवाळ्याची मजुरी धोक्यात, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी गोल नदी हे दुःस्वप्न आहे आणि त्यावर हसणे ही त्याची सुटका आहे.

दुसरे उदाहरण जमिनीच्या मोजणीचे. अमेरिकी सरकारी मोजणीत सहा मैल बाय सहा मैल अशा चौकोनाचे छत्तीस भाग पाडत, त्यातला प्रत्येक भाग म्हणजे 'सेक्शन' ६४० एकरांचा असे आणि त्याचे पुन्हा चाळीस एकरांचे सोळा तुकडे पडत. या तुकड्याला धंद्यात नुसते 'फॉर्टी' म्हणत आणि जंगल विकत घेण्याचे ते नेहमीचे माप होते. बन्यनने एकदा पिरॅमिडच्या आकाराची फॉर्टी तोडली, जिच्या चारही बाजूंवर वरपासून खालपर्यंत झाडे होती आणि जिच्यातून एका फॉर्टीतून निघणे अशक्य एवढे लाकूड निघाले, असे सांगत. दुसऱ्या कथेत तो बेबला जुंपून एकेक सेक्शन जमिनीसकट ओढून नदीवर आणतो, तिथे झाडे उतरवतो आणि जमीन परत ठेवून येतो. दिवसाला सहा असे सहा दिवसांत छत्तीस सेक्शन होतात, पण शनिवारी रात्री सदतिसावा सेक्शन तिथेच राहून जातो, नदी त्याला वाहून नेते, आणि म्हणून सरकारी नकाशावर छत्तीसच उरले आहेत. या दोन्ही विनोदांच्या खाली एक उघड गुपित आहे. त्या काळी कित्येक ठेकेदार एक फॉर्टी कायदेशीर विकत घेत आणि तिच्या चहूबाजूंच्या सरकारी वा परक्या फॉर्टी गुपचूप साफ करीत. नकाशावर नसलेल्या जमिनीतून येणारे लाकूड मजुरांनी स्वतःच्या हातांनी तोडलेले होते. मालकाच्या चोरीवर उघड बोलण्याची सोय नव्हती, पिरॅमिडवर मात्र मनसोक्त बोलता येत होते.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. या कथा पसरत होत्या त्या १८८० आणि १८९० च्या दशकांत झाड पाडण्यासाठी कुऱ्हाडीची जागा दोघांनी ओढायच्या लांब करवतीने बऱ्याच अंशी घेतली होती आणि बर्फाच्या रस्त्यांवर संथ बैलांऐवजी घोडे जुंपले जात होते. कुऱ्हाड आणि बैल ही पॉलची दोन्ही लक्षणे म्हणजे मागच्या पिढीचा सरंजाम होता. तो निर्माण होतानाच जुना होता. 'आमच्या वेळी' या जगभरच्या म्हाताऱ्यांच्या आवडत्या विषयाचे त्याला एक अतिप्रचंड शरीर मिळाले होते.

छापील उल्लेखांचा क्रम आता पाहता येईल. मिशिगनमधील ग्लॅडविन परगण्याच्या एका वृत्तपत्रात १८९३ साली, नदीला पाणी चढले असतानाच पॉल बन्यन आपले ओंडके काढण्याच्या तयारीत आहे, अशा अर्थाची एक ओळ आली. ती वाचकांना विनोद म्हणून कळेल अशा बेताने लिहिलेली आहे, म्हणजे नाव तोपर्यंत परिचित झाले होते. ४ ऑगस्ट १९०४ रोजी मिनेसोटातील डुलुथ शहराच्या वृत्तपत्रात लाकूडतोड्यांच्या चेष्टांविषयी जे स्फुट आले त्यात नवख्याला सांगितल्या जाणाऱ्या थापा, निळा बर्फ आणि पॉलने नॉर्थ डकोटात केलेली जंगलतोड हे सगळे आहे. नॉर्थ डकोटा हे जवळजवळ निर्वृक्ष गवताळ राज्य असल्यामुळे तिथली जंगलतोड हाच विनोदाचा गाभा होता. पुढे १९०६ मध्ये जेम्स मॅकगिलिव्हरेने गोल नदीची कथा मिशिगनच्या एका छोट्या पत्रात आणि १९१० मध्ये वाढवून डेट्रॉइटच्या मोठ्या दैनिकात दिली. १९१४ मध्ये डग्लस मॅलॉकने तिला लाकूड व्यापाऱ्यांच्या नियतकालिकात पद्यरूप दिले. खऱ्या अर्थाने अभ्यासकाच्या नजरेने केलेले पहिले संकलन १९१६ चे असून ते बर्निस स्ट्युअर्ट ही विस्कॉन्सिन विद्यापीठातील विद्यार्थिनी आणि तिचे अध्यापक होमर वॉट यांचे आहे. या आणि अशा नोंदी पडताळून मायकेल एडमंड्स या इतिहासकाराने २००९ च्या आपल्या ग्रंथात कथांचे मूळ १८८० च्या दशकातील विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडील छावण्यांपर्यंत नेले आहे.

पॉल बन्यन नावाचा खरा माणूस होता काय, हा प्रश्न लोकांना अभ्यासकांपेक्षा जास्त आवडतो. मिशिगनमध्ये फाबियन फूर्निए या आडदांड फ्रेंच-कॅनडियन मुकादमाकडे बोट दाखवले जाते, ज्याचा १८७५ मध्ये बे सिटी गावात खून झाला. 'बॉं झां' या फ्रेंच नावाचा अपभ्रंश होऊन बन्यन झाले असावे, हा तर्क भाषेच्या दृष्टीने अशक्य नाही, पण त्याला कागदी पुरावा नाही. सर्वांत रंगतदार दावा जेम्स स्टीव्हन्सचा. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच वर्षी, १८३७ मध्ये, कॅनडातील फ्रेंच भाषकांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला आणि सेंट युस्टॅश येथील लढाईत बन्यन नावाचा दाढीवाला पहिलवान पराक्रम गाजवून गेला, असे त्याने आपल्या १९२५ च्या पुस्तकात लिहिले. उठाव खरा आहे, लढाईही खरी आहे. पहिलवानाचा मात्र समकालीन कागदपत्रांत पत्ता नाही. या कथेच्या दृष्टीने १८३७ साल महत्त्वाचे आहे ते निराळ्याच कारणाने. त्या वर्षीच्या जुलैत आजच्या मिनेसोटातील मिसिसिपी नदीच्या काठी अमेरिकी सरकारने ओजिब्वे या मूळनिवासी लोकांशी करार करून त्यांच्याकडून विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातील विस्तीर्ण प्रदेश घेतला, आणि तो घेण्यामागे तिथल्या पाइनवरचा डोळा इतका उघड होता की इतिहासात तो 'पांढऱ्या पाइनचा करार' या नावाने ओळखला जातो. पॉलला तोडण्यासाठी जंगल मिळाले ते तिथे.

आता जाहिरातीकडे वळता येईल. मिनेसोटातील पाइन संपत आल्यावर टी. बी. वॉकर यांच्या रेड रिव्हर लंबर कंपनीने आपला पसारा कॅलिफोर्नियातील वेस्टवुड येथे हलवला आणि जुन्या गिऱ्हाइकांना नव्या प्रदेशातले लाकूडही तितकेच चांगले आहे हे पटवून देण्याची वेळ तिच्यावर आली. कंपनीसाठी काम करणाऱ्या विल्यम लॉहेडने तरुणपणी मिनेसोटाच्या छावण्यांत दिवस काढले होते आणि तो चित्रकारही होता. १९१४ साली त्याने एक छोटी पुस्तिका तयार केली, जिच्यात पॉलच्या करामती आणि कंपनीच्या फळ्या यांचे गुणगान शेजारी-शेजारी होते. गोल चेहऱ्याचा, मिशीवाला, हसरा पॉल त्याने काढला. निळ्या बैलाला बेब हे नाव दिले. नळीने शाई ओढणारा हिशेबनीस जॉनी इंकस्लिंगर आणि इतर पात्रे उभी केली. पहिली पुस्तिका फारशी चालली नाही, कारण छावणीबाहेरच्या जगाला बन्यन कोण हेच माहीत नव्हते. १९२२ च्या मोठ्या आवृत्तीने मात्र बाजी मारली. कंपनीने मजकुरावर हक्क न लावता तो कुणालाही छापू दिला आणि वृत्तपत्रांनी तो हौसेने छापला. पाठोपाठ १९२४ मध्ये एस्थर शेफर्डचे आणि १९२५ मध्ये स्टीव्हन्सचे पुस्तक आले. दहा-बारा वर्षांत बाकावरची चेष्टा राष्ट्रीय दैवत झाली.

याच बदलाविरुद्ध लोकसाहित्याचे अभ्यासक रिचर्ड डॉर्सन यांनी १९५० मध्ये शस्त्र उपसले. लोकांच्या तोंडून न आलेले, लेखकांनी आणि व्यापाऱ्यांनी टेबलावर रचून लोकसाहित्य म्हणून विकलेले साहित्य त्यांनी 'फेकलोर' म्हणजे बनावट लोकसाहित्य ठरवले आणि बन्यन हे त्याचे ठळक उदाहरण मानले. मिशिगनच्या उत्तरेकडे त्यांनी स्वतः फिरून कथा जमवल्या होत्या, त्यामुळे त्यांचा राग ऐकीव नव्हता. तरीही तो अर्धाच खरा ठरतो. नाव, निळा बर्फ, थापेची पद्धत, धंद्याचे विनोद हे लॉहेडच्या लेखणीपूर्वीचे आहे, हे १९०४ चे स्फुटच सांगते. जाहिरातीने पॉलला जन्म दिला नाही. तिने त्याच्याभोवतीची माणसे काढून घेतली. बाकावर पॉल क्वचितच एकटा असे, कारण बोलणारा नेहमी 'आम्ही त्याच्या छावणीत होतो' असे म्हणे आणि थापेचा खरा विषय 'आम्ही' हा होता. पुस्तिकेत आणि पुढच्या बालवाङ्मयात 'आम्ही' गळून पडले आणि उरला तो आकार. स्टीव्हन्सने पुढे पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड उत्पादकांच्या संघटनेचे प्रसिद्धीचे काम पाहिले, हा योगायोग म्हणावा तर फारच सोयीचा आहे.

मग हा पोकळ झालेला पॉल इतका टिकला कसा? एक कारण असे की आकार ही गोष्ट कुणालाही वापरता येते आणि मुलांना तर ती जन्मतःच कळते. ज्याच्या तव्याला तूप लावायला पोरे पायांना बेकनचे तुकडे बांधून त्यावर घसरत फिरतात, अशा आचाऱ्याची गोष्ट समजायला धंद्याचे ज्ञान लागत नाही. दुसरे कारण पर्यटनाचे. जंगल तोडून झाले, गिरण्या बंद पडल्या आणि गावांकडे दाखवण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा त्यांनी पॉलला उभे केले. मिनेसोटातील बेमिजी गावाने १९३७ मध्ये तळ्याकाठी अठरा फुटी पॉल आणि त्याच्या शेजारी बेब उभारला; १९५९ मध्ये मेन राज्यातील बँगोर आणि ओरेगनमधील पोर्टलंड येथे प्रत्येकी एकतीस फुटी पुतळे आले. झाडे जसजशी कमी झाली तसतसा लाकूडतोड्या उंच होत गेला.

कलावंतांनाही त्याने मोहात पाडले, पण त्यांच्या हाती तो सहसा सापडला नाही. कवी ऑडनच्या शब्दांवर संगीतकार बेंजामिन ब्रिटनने रचलेली 'पॉल बन्यन' ही संगीतिका १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाली, तिच्यात एवढा मोठा नायक रंगभूमीवर आणणे अशक्य म्हणून तो केवळ पडद्याआडचा आवाज आहे. समीक्षकांनी झोडपल्यावर ब्रिटनने ती बाजूला ठेवली आणि थेट १९७६ मध्ये सुधारून पुन्हा पुढे आणली. न दिसणारा, फक्त बोलण्यातून जाणवणारा पॉल ही अडचणीतून काढलेली वाट मूळ बाकाच्या जितकी जवळ जाते तितका १९५८ चा डिस्नेचा चकचकीत लघुपट जात नाही.

या हसऱ्या राक्षसाच्या मागे जमिनीवर काय उरले हेही नोंदवायला हवे. तोडीनंतर पडून राहिलेल्या फांद्या आणि साली उन्हात वाळून त्यांचे सरपण झाले आणि कोरड्या वाऱ्याच्या दिवशी ते पेटले : ८ ऑक्टोबर १८७१ रोजी विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो परिसरात बाराशेहून अधिक माणसे जळून मेली आणि १ सप्टेंबर १८९४ रोजी मिनेसोटातील हिंकली येथे चारशेहून अधिक. बन्यनच्या प्रसिद्ध कथांत आग जवळजवळ नाहीच. आपल्याच कामाच्या कचऱ्यातून उठलेल्या त्या आगीवर बाकावरच्या मंडळींना थाप सुचली नसावी, किंवा सुचूनही सांगवली नसावी.

ज्यांची जमीन १८३७ च्या करारात गेली त्या ओजिब्वे लोकांना मात्र एक वेगळी कथा सुचली आहे. त्यांच्या परंपरेत नानाबोझो हा रूपे पालटणारा, खोडकर, पण माणसांचा पाठीराखा असा आदिपुरुष आहे. अलीकडे सांगितल्या जाणाऱ्या कथेनुसार पॉल बन्यन झाडे तोडत तोडत उत्तरेकडे येतो तेव्हा नानाबोझो त्याच्या वाटेत उभा राहतो, चाळीस दिवस दोघांची जुंपते आणि शेवटी नानाबोझो तळ्यातला एक भलामोठा वॉलआय मासा उचलून त्याने पॉलला झोडपून काढतो. म्हणूनच, सांगणारा गंभीर चेहऱ्याने पुढे म्हणतो, रेड लेकच्या बाजूची झाडे अजून उभी आहेत.